खंडेनवमीचं कुंकू

"कुंकू आत गेलं असेल का गं, हेमा?"

दसऱ्याची सकाळ होती. अण्णा, म्हणजे माझे सासरे, हॉलच्या कोपऱ्यात उकिडवे बसून वायफायच्या डब्याच्या भोकांत टॉर्च मारत होते. डब्याच्या डोक्यावर कालचा झेंडू सुकून बसला होता आणि पुढच्या बाजूला, जिथं कंपनीचं नाव असतं बरोबर त्यावर, हळदीकुंकवाची बोटं उठली होती. मी चक्का गाळायचा सोडून बाहेर आले.

"चिमूटभर तर लावलंय, अण्णा. एवढ्यानं काय होतंय?"

"दिवे तर सगळे हिरवे आहेत."

दिवे हिरवे होते. मोबाइलही डब्याला जोडलेला दाखवत होता. आणि त्याच्याच खाली बारीक अक्षरांत येत होतं, इंटरनेट नाही. मांडव सजलाय, वाजंत्री वाजतायत आणि नवरदेवाचा पत्ता नाही, तसली गत.

आतल्या खोलीतून शिवानंद बाहेर आले. माझा नवरा पुण्याच्या एका कंपनीत आहे, आणि त्या वर्षी लॉकडाऊन उठून गेलं तरी त्यांची नोकरी आमच्या बेडरूममधूनच चालली होती.

"अण्णा, ती भोकं हवा जायला असतात, कुंकू घालायला नाही. परदेशातला साहेब दसरा मानत नाही. बारा वाजता मीटिंग आहे माझी."

"मी बंद करूनच पूजा केली रे. दहा मिनिटं दम खाऊ दिला, मग चालू केला."

"कुणी सांगितलं होतं दम खाऊ द्यायला? तो काय बैल आहे?"

अण्णांनी टॉर्च विझवला. मी शिवानंदांकडे डोळे मोठे करून बघितलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं. आपलंच नेट गेलं असतं तर घरातलं भांडण घरात मिटलं असतं. पण तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि मग दुपारपर्यंत ती वाजतच राहिली.

आता जरा आमच्या बिल्डिंगीचं सांगायला हवं. मिरजेत तिला टेलिफोन सोसायटी म्हणतात. खात्यातल्या लोकांनी एकत्र येऊन ती बांधली, पुढं एकेकानं घर विकलं, कुणी मुलाकडे गेलं, कुणी देवाघरी. जुन्यातले राहिले एकटे अण्णा. खात्यात ते मेकॅनिक होते. खांबावर चढण्यापासून सगळं केलेला माणूस. जिन्याखाली भिंतीत एक राखाडी रंगाची लोखंडी पेटी होती, तीत सगळ्या घरांच्या तारा येऊन मिळायच्या, आणि तिची किल्ली अण्णांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायची. अंघोळीलाही काढत नसत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी देवाचा ताईत असेल.

घरोघरचे फोन गेले, वायफाय आलं, पण बिल्डिंगीची सवय काही सुटली नाही. कुणाचं नेट अडकलं तर कंपनीला फोन करायचा असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. जिन्यातून हाक यायची, "अण्णा, जरा बघा की." अण्णा सदरा चढवून खाली जायचे, पेटी उघडून आत मान घालायचे, बराच वेळ काहीबाही करायचे आणि वर येऊन हात धुताना म्हणायचे, "क्लिअर केलंय. येईल आता." आणि यायचं बरं का. कधी लगेच, कधी चहा होईपर्यंत. लोक म्हणायचे, अण्णांचा हातगुण आहे. त्यावर अण्णा नुसते मिशीत हसायचे, पण त्या दिवशी भाकरी एक जास्त जायची.

आणि खंडेनवमी. सगळं जग त्या दिवशी हत्यारं पुजतं. अण्णा नोकरीत असताना पक्कड, पेचकस आणि खांबावर नेऊन लावायचा तो टेस्टिंगचा फोन पाटावर मांडून पूजा करायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी पाटच हलवला. नवमीला सकाळी अंघोळ करून, ताटात हळदीकुंकू आणि झेंडू घेऊन ते बिल्डिंगीत घरोघर जायचे. डबा बंद करायचा, मऊ ब्रशनं धूळ झाडायची, कुंकू लावायचं, फूल वाहायचं, हात जोडायचे, मग चालू करायचा. लोकांनाही ते आवडायचं. कुणी चहा द्यायचं, कुणी पेढा. त्या वर्षी तर पोरांच्या शाळेपासून सगळं त्या डब्यावरच चाललेलं, त्यामुळे डब्याचा मान वाढला होता आणि डब्याबरोबर अण्णांचाही. तिसऱ्या मजल्यावरच्या शेडबाळ्यांकडे तेवढे ते गेले नाहीत. त्यांच्या आजी आठवड्यापूर्वीच गेल्या होत्या, घरात सुतक होतं. सुतकात कसली पूजा.

तर दसऱ्याच्या सकाळी पहिली बेल वाजवली तगारेसाहेबांनी. बँकेतून रिटायर झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी, इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय कचऱ्याची बादलीही बाहेर न ठेवणारे.

"अण्णा, काल तुम्ही हात लावेपर्यंत आमचं व्यवस्थित होतं," ते दारातूनच म्हणाले. "आज नातवाचं बारसं होतं कॅनडात. आम्ही दोघं नटूनथटून बसलो होतो त्या टीव्हीसमोर. नुसतं गोल गोल फिरत राहिलं."

"मी बघतो साहेब. खाली पेटी बघतो."

"आता बघून काय? पाळण्यात घालून झालं त्याला. नाव काय ठेवलं ते मला मोबाइलवर वाचावं लागलं."

त्यांच्या मागं वरच्या मजल्यावरच्या कानिटकरबाई उभ्या होत्या. त्या गाणं शिकवतात. दसऱ्याच्या मुहूर्तावर नव्या शिष्यांना पहिला धडा द्यायचा त्यांचा नेम, आणि त्या वर्षी शिष्य सगळे पडद्यावर. बाईंच्या अंगावर पैठणी होती. मग आणखी दोघंतिघं आली. जिथं जिथं काल कुंकू लागलं होतं तिथं तिथं आज नेट बंद होतं. हा हिशेब मांडायला कुणाला पाटी-पेन्सिल लागत नव्हती.

अण्णा सदरा चढवून खाली गेले. माणसं जिन्यात उभी राहिली, प्रत्येकाच्या हातात फोन. मी वरच्या कठड्याला टेकून बघत होते. अण्णांनी गळ्यातला दोरा काढला, पेटी उघडली, आत मान घातली. नेहमीपेक्षा जास्त वेळ ते तिथं होते. पाठ घामानं भिजली. शेवटी पेटी लावून ते वळले आणि म्हणाले, "क्लिअर केलंय."

"येईल आता" हे मात्र ते म्हणाले नाहीत.

सगळ्यांनी फोन बघितले. थोडा वेळ गेला. पुन्हा बघितले. कुणी काही बोललं नाही, हेच वाईट. कुणी चिडलं असतं, चार शब्द बोललं असतं, तर मीही चार ऐकवून मोकळी झाले असते. पण लोक एकेक करून आपापल्या घरात गेले, आणि कानिटकरबाई जाता जाता हळूच म्हणाल्या, "असू दे हो अण्णा. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी ताटात श्रीखंड तसंच राहिलं. अण्णा पुरीचा एक तुकडा मोडून बसले होते.

"हे अख्ख्या बिल्डिंगीत आपलं नाक कापलं गेलं," शिवानंद म्हणाले. मोबाइलच्या नेटवर त्यांची मीटिंग कशीबशी पार पडली होती, तो राग जेवणावर निघत होता. "मी कितीदा सांगितलं, अण्णा, हे तुमच्या काळातलं यंत्र नाही. हात नका लावू. पण नाही."

"अहो, सणाच्या दिवशी..." मी म्हटलं.

"सणाच्या दिवशी काय? उद्या सोसायटीत मान खाली घालून मलाच जावं लागणार आहे."

अण्णा ताटावरून उठले. हात धुऊन आले आणि मला म्हणाले, "हेमा, संध्याकाळी सोनं वाटायला माझ्याबरोबर येशील का?"

दरवर्षी सोनं वाटायला ते एकटे जायचे, पिशवी भरून आपट्याची पानं घेऊन, आणि परत येताना पिशवीत फराळ घेऊन. बरोबर कुणाला नेत नसत.

"कुठं जायचं नाही," शिवानंद म्हणाले. "घरात बसा आज."

"चूक केलीय तर तोंड दाखवायला नको?" अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता.

मला जायचं नव्हतं, खरं सांगते. मी बरी साडी नेसले, तबकात आपट्याची पानं घेतली आणि त्यांच्या मागून निघाले, पण पायऱ्या चढताना मनात एकच होतं, कुणी घरी नसू दे. सगळे घरी होते. नेट नाही, जाणार कुठं?

प्रत्येक दारात तेच. अण्णा पान पुढं करायचे, म्हणायचे, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." मग हात जोडायचे. "माझ्या हातून चूक झाली. माफ करा." ऐंशीला टेकलेला माणूस, आणि समोर त्यांच्या नातवाच्या वयाची पोरंसुद्धा. लोक "अहो अण्णा, काय हे" म्हणायचे, पण कुणी "तुमची चूक नाही" असं म्हणायचं नाही. मी तबक धरून मागं उभी, जमिनीकडे बघत. प्रत्येक घरच्या फरशीचं डिझाईन त्या संध्याकाळी मला पाठ झालं.

तगारेसाहेबांनी आम्हाला आत बसवलं. पोह्यांचा चिवडा दिला. टीव्हीच्या टेबलावर त्यांचा डबा होता, कुंकू ओल्या फडक्यानं पुसून काढलेलं, तरी तांबूस डाग राहिला होता.

"अण्णा, एक बोलू? राग मानू नका," साहेब म्हणाले. "तुमचं वय झालं. तुम्ही खूप केलंत सोसायटीसाठी. आता ती पेटीची किल्ली माझ्याकडे देऊन टाका. मी कंपनीच्या माणसाला बोलावून एकदा सगळं नीट बघून घेतो."

अण्णांचा हात गळ्याकडे गेला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या पेटीची एकेक तार त्यांनी स्वतः ओढली होती, हे निदान सांगतील.

"उद्या सकाळी देतो," ते म्हणाले. "एकदा आतनं पुसून देतो."

"घाई नाही हो."

"नाही, उद्याच देतो."

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "झाली सगळी घरं. चल." आणि जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. हे कठडा धरणं मी पहिल्यांदा बघितलं.

मला अजून एक घर होतं. शेडबाळ्यांकडे सुतकात चूल थंड, म्हणून बिल्डिंगीतल्या बायका आळीपाळीनं डबा देत होत्या आणि संध्याकाळची पाळी माझी होती. तिथं सोनं न्यायचं नव्हतं. मी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन गेले. पद्मजानं, त्यांच्या सुनेनं, दार उघडलं. दोन घटका बसले. कधी गेल्या, कशा गेल्या, दहाव्याला कोण कोण येणार, असं बोलणं झालं. उठताना सहज म्हणून ती म्हणाली,

"वहिनी, तुमचं नेट चालू झालं का हो?"

"कुठलं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आमचंही सकाळपासनं बंदच आहे की."

मी वळून बघितलं. तिच्या वायफायच्या डब्यावर धूळ होती. ना फूल, ना कुंकू.

"सुतकातलं तोंड घेऊन अण्णांकडे कसं यायचं, म्हणून मी आपला कंपनीला फोन लावला," ती म्हणाली. "अर्धा तास गाणं ऐकवलं मेल्यांनी. मग ती पोरगी म्हणाली, काल रात्री सगळ्या डब्यांमध्ये कंपनीनं वरनंच नवीन सॉफ्टवेअर घातलंय, त्यात काहीतरी बिघाड झालाय. अर्ध्या गावात असंच आहे म्हणे. उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून परत पाठवणार, आपण कशाला हात लावायचा नाही."

मी काय बोलले, दार कसं लोटलं, आठवत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि संन्याशाला सोडवायला मी जिन्यावरून पळत सुटले होते. इतका आनंद मला स्वतःचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

अण्णा घरात नव्हते. जिन्याखाली दिवा लावून पेटीसमोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते, हातात ब्रश. पेटी उघडी होती.

"अण्णा, तुमची चूक नाही," मी धापा टाकत म्हटलं. "शेडबाळ्यांचंही बंद आहे. तिथं तुम्ही गेला पण नव्हता. कंपनीनं रात्री काहीतरी घातलंय डब्यांत, सगळ्या गावात बोंब आहे. उद्या तेच नीट करणार आहेत. कुंकवाचा काही संबंध नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच."

मला वाटलं, ते उठतील. हसतील. निदान एक मोठा श्वास तरी सोडतील.

"शेडबाळ्यांचं पण बंद आहे?" त्यांनी विचारलं. "नक्की?"

"नक्की. मी डोळ्यांनी बघून आले. चला, आत्ता जाऊन सांगू तगारेसाहेबांना. किल्ली द्यायची काही गरज नाही."

त्यांनी ब्रश मांडीवर ठेवला. चेहऱ्यावर सकाळपासून जे होतं ते गेलं, पण त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. चेहरा नुसता उतरला.

"इकडं ये," ते म्हणाले. "आत बघ."

आजवर त्या पेटीत मी कधी डोकावले नव्हते. आत तारांचे झुबके होते, लाल, निळे, पांढरे, आणि प्रत्येक झुबक्याला कापडी पट्टी बांधून वर शाईनं घराचं नाव लिहिलेलं. काही नावं माणसं निघून गेली तरी तशीच. खालच्या बाजूला, जिथून तारा बाहेर रस्त्याकडे जायच्या, तिथं त्या कापलेल्या होत्या. एकूण एक. टोकं काळी पडली होती. पण सगळं कसं स्वच्छ होतं. धुळीचा कण नाही.

"ह्यातनं आता काही जात नाही गं," अण्णा म्हणाले. "कितीतरी वर्षं झाली. नवीन वायर गच्चीवरनं येते, बाहेरच्या बाजूनं. ह्याला कुणी विचारत पण नाही."

"मग लोक हाक मारायचे तेव्हा तुम्ही इथं काय करायचात?"

"पुसायचो."

मी पुन्हा आत बघितलं.

"नेट आपलं आपणच यायचं," ते म्हणाले. "थोडं थांबलं की येतंय ते, मला माहीत झालं होतं. लोक म्हणायचे, अण्णांनी हात लावला आणि आलं. मी कधी होय म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही." त्यांनी एका पट्टीची सुटलेली गाठ घट्ट केली. "आज सकाळी वाटलं, खरंच आपल्या हातानं काहीतरी झालं. वाईट झालं. तगारेसाहेबांचं बारसं गेलं, वाईटच झालं. पण झालं. फांदी मोडली म्हणून तरी कावळ्याचं नाव निघतं, हेमा. आता तू सांगतीयस, कावळा बसलाच नव्हता."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. घरोघर त्यांच्या मागून फिरताना मला त्यांची लाज वाटली होती. आता माझी मला वाटली. हा माणूस दारोदार हात जोडून आला होता, आणि त्याच्या झोळीत पडलेलं तेवढंही मी पळत येऊन काढून घेतलं होतं, वर हसत हसत.

"हे कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "पेटीचं पण, आणि शेडबाळ्यांचं पण."

"नाही सांगत."

"शिवानंदला पण."

"नाही, अण्णा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवा सदरा घालून निघाले. मला चल म्हणाले नव्हते, पण मी त्यांच्यामागून गेले. एकट्यानं कसं जायचं, असं मला वाटलं. त्यांना तसं वाटत नसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. नको तिथं सोबत करायची माझी खोडच आहे.

तगारेसाहेब खाली आलेच होते, कानिटकरबाई दूध घेऊन परतत होत्या, आणखी एकदोघं पेपर घ्यायला आलेले. अण्णांनी पेटी उघडली. साहेबांना आत नीट दिसू नये अशा बेतानं पुढं उभं राहून, शेवटचं एकदा त्यांनी ब्रश फिरवला. तारांवरून, पट्ट्यांवरून, कोपऱ्यांतून. मग पेटी बंद केली, किल्ली फिरवली आणि दोऱ्यासकट साहेबांच्या हातावर ठेवली.

"माझ्या हातून झालं ते झालं," ते म्हणाले. "सांभाळा."

आणि त्याच वेळी कानिटकरबाईंच्या पिशवीतला फोन टिंग करून वाजला. मग पुन्हा. मग वाजतच राहिला. साहेबांच्या खिशातला वाजला. वरच्या मजल्यावरून कुणाच्या तरी घरातला टीव्ही बोलू लागला. दुपारपर्यंत दुरुस्त करतो म्हणालेले कंपनीवाले, त्यांना नेमकी सकाळच सापडली होती.

"आलं की," बाई म्हणाल्या. "अण्णा, आलं. तुम्ही हात लावला आणि आलं."

सगळे हसले. काल जिन्यात तोंडं पाडून उभी राहिलेली तीच माणसं. कुणी म्हणालं, अण्णांनीच घालवलं आणि अण्णांनीच आणलं. कुणी म्हणालं, कुंकवाचा कोप होता, उतरला. तगारेसाहेब तसे मनानं चांगले. त्यांनी किल्ली पुढं केली.

"घ्या ही. काल मी रागाच्या भरात बोललो. ही तुमच्याच गळ्यात शोभते."

अण्णांचा हात उठला. मी बघितलं ना, चांगला किल्लीपर्यंत गेला. चेहऱ्यावर ते मिशीतलं हसू यायला लागलं होतं. आणि मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी काही केलं नाही. काही बोलले नाही. मला आत जाता आलं असतं, पाठ वळवता आली असती, वर दूध उतू जातंय म्हणता आलं असतं. मी नुसती तिथं उभी होते, सगळं माहीत असलेली.

हात खाली आला.

"नको साहेब," अण्णा म्हणाले. "असू दे तुमच्याकडं. वय झालं आता."

"अहो, असं काय करता?"

"नको."

ते जिना चढू लागले. माझ्याजवळून जाताना थांबले नाहीत. नंतर कधी त्यांनी मला बोल लावला नाही, उलट पहिल्यापेक्षा जास्त जपायचे. पण त्यानंतर जिन्यातून हाक आली की, "कंपनीला फोन करा, नंबर डब्याच्या खाली लिहिलेला असतो," एवढंच सांगायचे. हळूहळू हाका थांबल्या. पुढची खंडेनवमी आली तेव्हा त्यांनी फक्त आपली जुनी पक्कड पाटावर ठेवली.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. बाराव्याला तगारेसाहेब आले, त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. पेटी केव्हाच काढून भंगारात गेली होती, तिथं आता मीटर आहेत. मी ती किल्ली देव्हाऱ्यात ठेवलीय. शिवानंद विचारतात, कशाची गं ही? मी म्हणते, जुन्या कपाटाची.

परवा रात्री पुन्हा कंपनीनं काहीतरी घातलं असेल, सकाळी बिल्डिंगीचं नेट गेलं. समोरच्या घरात नवीन भाडेकरू आलेत, त्यांची मुलगी जिन्यात फोन हलवत उभी होती.

"काकू," ती म्हणाली, "गाण्याच्या बाई सांगत होत्या, तुमच्या सासऱ्यांनी नुसता हात लावला की नेट यायचं म्हणे. खरं आहे का हो?"

माझे कान तापले. इतक्या वर्षांनीही तापतात.

"यायचं की," मी म्हटलं. "मी स्वतः उभं राहून बघितलंय."